जपानचे रोजचे जीवन : परदेशी पाहुण्यांना काय दिसले?

(एका व्याख्यानाचा मजकूर)



जपानला जाऊन आलेला प्रवासी, मग तो कोणत्याही देशाचा असो, परतल्यावर साधारणपणे तीन गोष्टी सांगतो. तेथील रस्ते स्वच्छ असतात, हरवलेली वस्तू परत मिळते आणि गाडी ठरलेल्या मिनिटाला सुटते. एवढे सांगून झाले की तो बहुधा एक निष्कर्षही काढतो : हे त्या लोकांच्या रक्तातच आहे. हा निष्कर्ष कौतुकाचा असला तरी ऐकणाऱ्याच्या फारसा उपयोगाचा नाही. जे एखाद्या समाजाच्या रक्तात आहे ते दुसऱ्या समाजाने शिकण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. कौतुक करावे आणि स्वस्थ बसावे, एवढेच काय ते शिल्लक राहते.

म्हणूनच हा निष्कर्ष तपासून पाहणे अगत्याचे आहे आणि त्याला लागणारे साधनही उपलब्ध आहे. गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत अनेक परदेशी पाहुण्यांनी जपानी माणसाचे घर, अंगण, स्नान, भोजन, शाळा आणि बाजार यांविषयी बारकाईने लिहून ठेवले आहे. या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांना जपानच्या सामाजिक इतिहासाची जोड दिली, तर त्या देशाच्या चांगल्या सवयी कोठून आल्या याचा बराच उलगडा होतो.

शंखशिंपल्यांचा अभ्यासक

अशा पाहुण्यांत एडवर्ड सिल्व्हेस्टर मोर्स यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. अमेरिकेतील मेन राज्यात १८३८ साली जन्मलेले मोर्स हे प्राणिशास्त्रज्ञ होते. तरुणपणी त्यांनी रेल्वे-इंजिनांच्या कारखान्यात आरेखकाचे काम केले होते आणि त्यामुळे दिसेल ती वस्तू झरझर रेखाटण्याचे कौशल्य त्यांच्या हाताला लाभले होते. समुद्रातील काही शिंपलेधारी प्राण्यांचा अभ्यास करण्यासाठी ते जून १८७७ मध्ये योकोहामा बंदरात उतरले. तेथून टोकियोला जाताना ओमोरी येथे रेल्वेमार्गाच्या कडेला कापलेल्या जमिनीत त्यांना शिंपल्यांचा जाड थर दिसला. तो प्रागैतिहासिक काळातील माणसांनी खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा ढीग होता. मोर्स यांनी त्याचे उत्खनन केले आणि जपानमधील शास्त्रशुद्ध पुरातत्त्वविद्येला तेथून प्रारंभ झाला. नुकत्याच स्थापन झालेल्या टोकियो विद्यापीठात प्राणिशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूकही झाली.

हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचे जीवन त्याच्या उकिरड्यावरून ओळखणारा हा शास्त्रज्ञ जिवंत माणसांचे जीवनही त्याच दृष्टीने पाहू लागला. राजवाडे आणि देवळे यांपेक्षा विहिरीचा रहाट, स्वयंपाकघरातील फळी, सुताराचा रंधा, दुकानाची पाटी आणि मुलांची खेळणी यांकडे त्यांचे लक्ष अधिक वेधले गेले. जपानी घरांवरील त्यांचा ग्रंथ १८८६ साली प्रसिद्ध झाला. 'जपान डे बाय डे' हा दैनंदिनीवर आधारलेला दोन खंडांचा ग्रंथ १९१७ साली निघाला आणि त्यात त्यांच्या रेखाटनांवरून केलेली ७७७ चित्रे आहेत. हा दुसरा ग्रंथ त्यांनी लिहावा म्हणून डॉ. विल्यम स्टर्जिस बिगेलो या त्यांच्या मित्राने आग्रह धरला होता. समुद्रातील जीव पुढेही राहतील, परंतु आपण पाहिलेले जपानी जीवन झपाट्याने नाहीसे होत आहे, असे त्याचे म्हणणे होते.

मोर्स यांच्या जपानी घराच्या वर्णनात एक गोष्ट स्पष्ट दिसते. त्या घराची रचनाच रहिवाशांना स्वच्छता शिकवणारी आहे. प्रवेशापाशी 'गेनकान' नावाची खोलगट जागा असते. पादत्राणे तेथेच राहतात आणि माणूस पायरी चढून घरात येतो. आतील जमीन म्हणजे 'तातामी', अर्थात गवताच्या जाड चटया. याच चटईवर बसायचे, जेवायचे आणि रात्री गादी पसरून झोपायचे. अशा जमिनीवर बाहेरचा चिखल आणणे कोणालाच परवडणारे नाही. सकाळी गाद्या कपाटात जातात आणि खोली रिकामी होते. सामानच थोडे असल्यामुळे झाडणे सोपे जाते. स्नानाचीही तीच तऱ्हा. अंग आधी बाहेर धुवायचे आणि मग कढत पाण्याच्या हौदात उतरायचे. तेच पाणी घरातील सर्वांनी पाळीपाळीने वापरायचे असल्याने ते स्वच्छ राखणे ही प्रत्येकाची जबाबदारी ठरते.

तबकातील घड्याळ

मोर्स यांनी सांगितलेला एक प्रसंग पुष्कळांनी उद्धृत केला आहे. जपानच्या पश्चिम भागात प्रवास करीत असताना हिरोशिमाजवळच्या एका सराईत त्यांनी आपले घड्याळ आणि पैसे मालकापाशी ठेवण्याची इच्छा व्यक्त केली. त्यांना काही दिवस पुढे जाऊन परत यायचे होते. तेव्हा एक दासी उथळ तबक घेऊन आली. वस्तू तबकात ठेवल्या गेल्या आणि ते तबक त्याच खोलीत राहिले. त्या खोलीला कुलूप नव्हते, केवळ कागदी सरकते पडदे होते. सुमारे आठवड्याने मोर्स परतले तेव्हा घड्याळ आणि नाणी जशीच्या तशी तबकात होती. स्वतःच्या देशात पाणपोईचा पेला साखळीने बांधावा लागतो आणि उष्णतामापक भिंतीला स्क्रूने घट्ट करावा लागतो, याची त्यांना त्या वेळी आठवण झाली.

त्या सराईत असे का घडले? एक कारण लौकिकाचे असावे. वाटेवरील सराई ही पिढ्यान् पिढ्या चालणारी असे आणि एका चोरीने तिचा लौकिक बुडाला असता. मात्र आजच्या जपानमध्ये कोट्यवधी अनोळखी माणसे आगगाडीतून प्रवास करतात, आणि तरीही विसरलेले पाकीट पुष्कळदा मालकाला परत मिळते. केवळ लौकिकाने हे साधणार नाही. त्यामागे कायदा आहे आणि तो अमलात आणणारी यंत्रणाही आहे. सापडलेल्या वस्तूंविषयीचा कायदा जपानने १८९९ साली केला आणि २००६ साली त्याची नव्याने रचना केली. सापडलेली वस्तू पोलिसांकडे द्यावी लागते. मालक मिळाल्यास शोधणाऱ्याला वस्तूच्या किमतीच्या ५ ते २० टक्के मोबदल्याचा हक्क असतो. तीन महिन्यांत मालक न मिळाल्यास, काही अपवाद वगळता, ती वस्तू शोधणाऱ्याची होते. आणि वस्तू द्यायची कोठे, हा प्रश्न पडत नाही. 'कोबान' नावाची लहान पोलीस चौकी वस्तीवस्तीत असते. या चौक्यांची सुरुवात टोकियोत १८७४ साली झाली. तेथे कागद भरून घेण्यास वेळ लागत नाही आणि वस्तू आणून देणाऱ्याकडे संशयाने पाहिले जात नाही. शाळकरी मूल रस्त्यात सापडलेले नाणे घेऊन चौकीत जाते तेव्हा पोलीस त्याचीही नोंद गंभीरपणे करतो. प्रामाणिक वागणे अवघड नसावे, याची दक्षता शासनाने घेतली आहे.

वेळ पाळण्याची सवय

वक्तशीरपणा हा तर जपानी माणसाचा उपजत गुण समजला जातो. परंतु जुन्या पाहुण्यांच्या नोंदी वेगळेच सांगतात. जपानी नौदलाला शिक्षण देण्यासाठी विलेम व्हान कॅटेनडाइक हा डच अधिकारी १८५७ साली नागासाकी येथे आला. जपानी माणसांच्या संथपणाने तो अगदी जेरीस आला होता. भरतीच्या वेळी हवे असलेले लाकूड वेळेवर पोहोचत नाही, एकदा येऊन गेलेला कामगार पुन्हा फिरकत नाही, अशी त्याची गाऱ्हाणी होती.

यात त्या कामगारांचा दोष होता असे नाही. त्या काळी जपानमध्ये उजाडल्यापासून मावळेपर्यंतच्या वेळेचे सहा भाग आणि रात्रीचे सहा भाग करीत. उन्हाळ्यात दिवसाचा प्रहर लांब आणि हिवाळ्यात आखूड होई. वेळ देवळाच्या घंटेवरून कळे. मिनिटाची कोणाला गरजच नव्हती. १८७२ साली टोकियो आणि योकोहामा यांच्या दरम्यान रेल्वे सुरू झाली आणि १ जानेवारी १८७३ पासून सौर पंचांगाबरोबर समान तासांची कालगणना अमलात आली. त्यानंतर शाळेची घंटा, कारखान्याचा भोंगा आणि सैन्याची शिस्त यांनी नव्या वेळेची सवय लावली. तरीही ती पुरेशी अंगवळणी पडली नव्हती. म्हणून १९२० साली टोकियोत 'वेळ' या विषयावर प्रदर्शन भरवण्यात आले आणि १० जून हा 'वेळेचा दिवस' म्हणून पाळण्यास सुरुवात झाली. सभेला वेळेवर जावे, पाहुण्याने ठरलेल्या वेळी यावे, अशा साध्या गोष्टी लोकांना पटवून द्याव्या लागल्या. १९६४ साली टोकियो आणि ओसाका यांच्या दरम्यान वेगवान 'शिनकानसेन' गाडी सुरू झाली. तिचा सरासरी विलंब आज साधारणपणे एका मिनिटाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. कॅटेनडाइकची तक्रार आणि ही गाडी यांत अवघ्या १०७ वर्षांचे अंतर आहे.

दुसऱ्या पाहुणीला काय दिसले?

मोर्स जपानमध्ये असतानाच, १८७८ साली, इझाबेला बर्ड ही इंग्रज प्रवासी स्त्री तेथे आली. वय ४६ वर्षांचे आणि प्रकृती नाजूक. इतो नावाचा एक तरुण दुभाषा बरोबर घेऊन तिने टोकियोहून उत्तरेकडे, पुढे होक्काइडो बेटापर्यंत, खडतर प्रवास केला. परदेशी माणसे सहसा जात नसत अशा डोंगराळ खेड्यांतून तिचा मार्ग जात होता. तिचे प्रवासवर्णन १८८० साली प्रसिद्ध झाले.

बर्ड यांनाही प्रामाणिकपणाचा अनुभव आला. सामानाचा एक पट्टा वाटेत पडला, तेव्हा घोडेवाला अंधारात बरेच अंतर मागे जाऊन तो शोधून घेऊन आला आणि बक्षीस मात्र त्याने नाकारले. एकटी स्त्री असूनही संपूर्ण प्रवासात आपण सुरक्षित होतो, असे त्यांनी आवर्जून नोंदवले. परंतु स्वच्छतेचे चित्र निराळे होते. कित्येक खेड्यांत त्यांना धुराने काळवंडलेली घरे, क्वचितच धुतले जाणारे कपडे, त्वचारोगाने आणि डोळ्यांच्या विकाराने गांजलेली मुले आणि पिसवांनी भरलेल्या चटया आढळल्या. त्याच प्रवासात योनेझावाच्या सुपीक मैदानातील नीटनेटकी शेते पाहून त्यांनी त्या भागाची तोंडभरून प्रशंसाही केली.

एकाच देशाची, जवळजवळ एकाच वर्षातील ही दोन चित्रे आहेत, आणि दोन्ही खरी आहेत. मोर्स मुख्यतः शहरांत, सुशिक्षितांच्या सहवासात आणि सुस्थितीतील घरांत वावरले. बर्ड यांची वाट दरिद्री खेड्यांतून गेली. स्वच्छता ही समस्त जपानी जातीचा गुण असती तर ती योनेझावाच्या मैदानात जशी दिसली तशीच डोंगरातील खेड्यातही दिसली असती. ती जमिनीच्या कसाप्रमाणे, उत्पन्नाप्रमाणे आणि पाण्याच्या सोयीप्रमाणे बदलत होती.

सोनखताचा व्यापार आणि त्याची दुसरी बाजू

पाश्चात्त्य पाहुण्यांना, विशेषतः मोर्स यांना, आणखी एका गोष्टीचे कौतुक वाटे. जपानी शहरांत मैला नदीत सोडला जात नसे, तो शेतावर जात असे. एदो, म्हणजेच जुने टोकियो, हे अठराव्या शतकात सुमारे दहा लाख वस्तीचे शहर होते. आसपासचे शेतकरी तेथील मैला विकत घेत आणि त्याबद्दल पैसे किंवा भाजीपाला देत. ओसाका शहरात तर विष्ठेवर घरमालकाचा हक्क आणि मूत्रावर भाडेकरूचा हक्क, अशी वाटणी झालेली होती. जी वस्तू विकली जाते ती कोणी रस्त्यावर टाकत नाही. साहजिकच त्या काळच्या अनेक युरोपीय शहरांच्या मानाने जपानी शहरे स्वच्छ होती.

परंतु या व्यवस्थेलाही एक बाजू होती, ती पाहुण्याच्या डोळ्यांना दिसणारी नव्हती. ताज्या मैल्याबरोबर रोगजंतू आणि कृमींची अंडी शेतात आणि तेथून भाजीपाल्यात जात. विहिरी उघड्या होत्या. मोर्स जपानमध्ये असतानाच, १८७९ साली, तेथे पटकीची भयंकर साथ आली आणि तीत एक लाखाहून अधिक माणसे दगावली. रस्ते झाडलेले होते, पण पाणी सुरक्षित नव्हते. योकोहामा येथे १८८७ साली आणि टोकियोत १८९८ साली आधुनिक पद्धतीचा नळपाणीपुरवठा सुरू झाला. डोळ्यांना दिसणारी स्वच्छता आणि आरोग्याला लागणारी स्वच्छता यांतील फरक जपानला मोठी किंमत देऊन कळला. कृमींचा प्रश्न तर त्यानंतरही दीर्घकाळ राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तपासणी केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात जंत आढळत असत.

चूल, माशी आणि शाळा

ग्रामीण भागात काम करणाऱ्यांच्या दृष्टीने युद्धोत्तर काळातील जपान सर्वांत उद्बोधक आहे. १९४८ साली तेथे शेतीसुधारणा प्रसाराचा कायदा झाला. त्यानुसार शेतीचे शिक्षण देणाऱ्या प्रसारकांबरोबर गृहजीवन सुधारण्यासाठी स्वतंत्र स्त्री-कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. या तरुणी सायकलवरून गावोगाव जात. त्यांनी प्रथम हाती घेतलेल्या कामांत चुलीची सुधारणा हे प्रमुख होते. जुन्या चुलीच्या धुराने स्त्रियांचे डोळे जात आणि वाकून काम करून कंबर मोडे. धुराडे असलेली, उभ्याने स्वयंपाक करता येईल अशी चूल बसवण्यासाठी अनेक गावांतील स्त्रियांनी गट करून, अंडी विकून पैसे साठवले. काय बदलायचे हे कार्यकर्तीने फर्मावायचे नव्हते. घरातील अडचण स्त्रियांनी स्वतः मांडायची आणि उपायही मिळून शोधायचा, अशी पद्धत होती.

१९५५ साली मंत्रिमंडळाने 'डास-माश्यांविना जीवन' ही मोहीम देशभर राबवण्याचा ठराव केला. मुळात ही चळवळ गावांतून आणि वस्त्यांतून उभी राहिली होती. महिला मंडळे, शेजार-समित्या आणि शाळा यांनी गटारे उपसली, खतांचे खड्डे झाकले आणि डबक्यांवर औषध फवारले. १९५८ सालच्या शालेय आरोग्य कायद्यानंतर विद्यार्थ्यांच्या शौचाची जंतांसाठी तपासणी नियमितपणे होऊ लागली. ज्या मुलाला जंत आढळत त्याला औषध मिळे. रासायनिक खतांचा प्रसार झाला आणि भुयारी गटारे वाढली, तसे जंतांचे प्रमाण झपाट्याने उतरत गेले. सुतकृमींची शालेय तपासणी २०१५ च्या शैक्षणिक वर्षाअखेर बंद झाली, कारण तिची गरजच उरली नव्हती.

शाळेचे स्थान या सर्व घडामोडींत मध्यवर्ती आहे. जपानी प्राथमिक शाळेत गेलेला पाहुणा दोन दृश्ये हमखास पाहतो. दुपारी पांढरी टोपी आणि अंगरखा घातलेली मुले जेवणाची भांडी वर्गात आणून आपल्याच सोबत्यांना वाढतात. वाढून झाल्यावर सर्वजण एकदम 'इतादाकिमासु' म्हणजे 'कृतज्ञतेने स्वीकारतो' असे म्हणून जेवू लागतात. शिक्षकही तेच अन्न वर्गातच घेतात. शालेय भोजनाचा आरंभ १८८९ साली यामागाता प्रांतातील त्सुरुओका येथील एका शाळेत गरीब मुलांसाठी झाला आणि १९५४ साली त्याविषयी राष्ट्रीय कायदा करण्यात आला. दुसरे दृश्य सफाईचे. दिवसातील काही मिनिटे मुले गटागटाने वर्ग, व्हरांडे, जिने आणि पुष्कळ शाळांत शौचालयेही स्वच्छ करतात. शाळेत इतर कामांना कर्मचारी असतातच. पैसा वाचवणे हा या सफाईचा हेतू नसून ती शिक्षणाचा भाग मानली जाते. पाळी सर्वांवर येते, त्यामुळे श्रीमंताच्या मुलाला सूट मिळत नाही आणि गरिबाच्या मुलाला कमीपणा वाटत नाही. ज्याला उद्या स्वतः पुसायचे आहे तो आज कागद टाकताना विचार करतो. हीच पद्धत इजिप्तने आपल्या देशातील काही शाळांत २०१८ पासून जपानच्या सहकार्याने सुरू केली आहे.

कचऱ्याचा झगडा

आज जपानमध्ये ठरावीक वारी ठरावीक प्रकारचा कचरा वेगळा करून बाहेर ठेवण्याची पद्धत आहे. पाहुण्याला त्याचे मोठे नवल वाटते. परंतु ही पद्धत भांडणातून जन्मली आहे. औद्योगिक भरभराटीबरोबर टोकियोचा कचरा अफाट वाढला आणि त्यातील बराचसा कोतो विभागातून जाऊन समुद्रकाठच्या भरावावर पडू लागला. १९६५ साली तेथील माश्यांचे थवे वस्तीत शिरले. दिवसभर कचऱ्याच्या गाड्यांची रांग लागे आणि रस्त्यावर घाण सांडे. दुसरीकडे सुगिनामी या सुस्थितीतील विभागाचे रहिवासी आपल्या भागात कचरा जाळण्याचा कारखाना होऊ देण्यास तयार नव्हते. १९७१ साली टोकियोचे राज्यपाल मिनोबे र्‍योकिची यांनी 'कचऱ्याविरुद्ध युद्ध' पुकारले. १९७३ साली कोतो विभागाने सुगिनामीच्या गाड्या अडवल्या. ज्याचा कचरा त्याने आपल्या भागातच त्याची विल्हेवाट लावावी, हे तत्त्व या झगड्यातून पुढे आले आणि अखेरीस सुगिनामीतही कारखाना उभा राहिला.

लहान गावाचे उदाहरण म्हणून शिकोकू बेटावरील कामिकात्सु या डोंगराळ गावाचा उल्लेख करता येईल. सुमारे दीड हजार वस्तीचे हे गाव, त्यातही वृद्धांचे प्रमाण मोठे. पूर्वी तेथे कचरा उघड्यावर जाळीत. कायदे कडक झाले आणि कारखाना चालवणे गावाला परवडेना. तेव्हा २००३ साली गावाने 'शून्य कचरा' असा संकल्प जाहीर केला. तेथे कचऱ्याची गाडी फिरत नाही. रहिवासी स्वतः केंद्रावर कचरा आणून ४० हून अधिक प्रकारांत वेगळा करतात, आणि ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून तो गोळा करून आणण्याची सोय आहे. प्रत्येक पेटीवर ती वस्तू पुढे कोठे जाते आणि तिच्यावर गावाला किती खर्च येतो किंवा तिचे किती पैसे मिळतात, हे लिहिलेले असते. २०२० पर्यंत शून्य गाठण्याचा संकल्प पूर्णतः सिद्धीस गेला नाही. मात्र सुमारे ८० टक्के कचरा पुनर्वापरात आणण्यात गाव यशस्वी झाले.

जे सहसा दिसत नाही

कौतुक करणाऱ्या पाहुण्याच्या नजरेतून काही गोष्टी निसटतात, त्यांचीही नोंद घेणे न्यायाचे होईल. स्वच्छ अंगणाचा हाच देश मिनामाताचाही देश आहे. तेथील उपसागरात एका रासायनिक कारखान्यातून पारा सोडला जात होता. त्यातून उद्भवलेला मज्जासंस्थेचा रोग १९५६ साली अधिकृतपणे नोंदवला गेला. तथापि त्याचे कारण शासनाने मान्य करण्यास १९६८ साल उजाडले. घराचा उंबरठा पुसणाऱ्या समाजालाही समुद्र राखण्यासाठी रुग्णांचे आंदोलन, न्यायालयाचे निवाडे आणि १९७० सालच्या संसदीय अधिवेशनात केलेले प्रदूषणविषयक कायदे यांची आवश्यकता भासली.

दुसरे असे की, या व्यवस्थेचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. शेजार-समितीची कामे, शाळेची पालकसभा, कचऱ्याचे वर्गीकरण आणि वृद्धांची सेवा यांचे ओझे दीर्घकाळ मुख्यतः स्त्रियांनी वाहिले. शेजाऱ्यांच्या धाकाने पाळलेल्या नियमाला एक कठोर बाजूही असते. नियम मोडणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकण्याची चाल जपानी खेड्यांतही होती आणि तिला 'मुराहाचिबु' म्हणत. आता तेथील लोकसंख्येत ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण २९ टक्क्यांच्या घरात गेले आहे, तरुण पिढी शेजार-समित्यांपासून दूर जात आहे आणि अनेक ठिकाणी कामाला माणसे मिळेनाशी झाली आहेत. चांगल्या सवयीही प्रत्येक पिढीत नव्याने रुजवाव्या लागतात, याची जाणीव आज जपानला होत आहे.

पाहुण्याने काय विचारावे?

नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या केनियाच्या वांगारी माथाई २००५ साली जपानला गेल्या, तेव्हा 'मोत्ताइनाई' हा शब्द त्यांच्या कानी पडला. उपयोगी वस्तू वाया जाताना होणारी हळहळ, असा त्याचा आशय आहे. त्या शब्दाचे त्यांनी केवळ कौतुक केले नाही. वस्तू कमी वापरणे, पुन्हा वापरणे आणि तिचे रूपांतर करणे या आपल्या कार्याला जोडून त्यांनी तो जगभर नेला.

महाराष्ट्रालाही अशा दृष्टीचे उदाहरण परके नाही. टोकियोत १९०१ साली स्थापन झालेल्या महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती आली होती. तीत त्यांनी जपानी स्त्रियांच्या उपजत गुणांचा शोध घेतला नाही. स्त्रियांच्या जीवनाला अनुरूप असा अभ्यासक्रम आणि मातृभाषेतून शिक्षण, ही योजना त्यांना महत्त्वाची वाटली. १९१५ च्या अखेरीस सामाजिक परिषदेत त्यांनी ती मांडली आणि १९१६ साली पुण्यात भारतीय महिला विद्यापीठ अस्तित्वात आले. टोकियोचे अनुकरण त्यांनी अंधपणे केले नाही, येथील गरज पाहून त्याला वेगळे रूप दिले.

जपानचे स्वच्छ शाळागृह, वेळेवर आलेली गाडी किंवा परत मिळालेले पाकीट पाहणाऱ्याने म्हणूनच चार प्रश्न विचारावेत. हे काम नेमके कोण करतो? तो ते केव्हा करतो? त्याला ते कोणी शिकवले? आणि त्याचा खर्च कोण सोसतो? या प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर परक्या देशातील चांगली रीत ही नवलाची गोष्ट राहत नाही. ती एखाद्या शाळेच्या वेळापत्रकात, ग्रामसभेच्या ठरावात किंवा अंदाजपत्रकाच्या एका बाबीत बसवता येईल अशी योजना होते.

मोर्स यांनी जन्मभर हेच केले. त्यांनी जमवलेली लाकडी पादत्राणे, दुकानांच्या पाट्या, घरगुती भांडी, एवढेच नव्हे तर बरणीत भरलेली मिठाईदेखील अमेरिकेतील सेलम येथील संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. स्वतः जपानी लोकांनी ज्या वस्तू टाकून दिल्या, त्या पाहण्यासाठी त्यांच्या अभ्यासकांना आज तेथे जावे लागते. १९२३ सालच्या भूकंपात टोकियो विद्यापीठाचे ग्रंथालय जळाल्याचे कळताच वृद्ध मोर्स यांनी आपला ग्रंथसंग्रह त्या विद्यापीठाला देण्याची मृत्युपत्रात तरतूद केली, आणि १९२५ साली त्यांच्या निधनानंतर ती पुस्तके टोकियोला रवाना झाली. पाहुणा म्हणून शिकायला आलेल्या माणसाने शिकल्याचे ऋण अशा रीतीने फेडले.